हात सोडून उभी राहा

रविवार, २ मार्च

पोचलो एकदाचे. विमानात झोप नाही, बसमध्ये झोप नाही, आणि आता पलंग मिळालाय तर डोळे टक्क उघडे. आमच्या तुकडीला शुश्रूषागृहाच्या मागची बैठी इमारत दिलीय. दोघींना एक खोली. माझ्या वाट्याला लांबुडी आली. ती पलंगावर तिरकी झोपते, तरी पाय बाहेरच. स्वभावाने बरी वाटते, पण आल्या आल्या तिने खिडकीची काच पुसायला घेतली, म्हणजे महिनाभर माझं काही खरं नाही.

तुकडीचे प्रमुख काका. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी अशी एक तुकडी घेऊन कुठल्या तरी देशात सेवेला जातात. जेवताना त्यांनी भाषण केलं, "आपण इथे द्यायला आलोय, घ्यायला नाही." मला ऐकून भरून आलं. लांबुडी हळूच म्हणाली, "मला आधी गरम पाणी घ्यायचंय."

मी का आले हे मला नीट सांगता येत नाही. पदवी झाली, दोन ठिकाणी मुलाखती देऊन हात हलवत परत आले, आणि घरात सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायला लागले. इथली भाषा मी कॉलेजात शिकले तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. तीच आता कामाला आली. मला कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, असं एकदा तरी बघायचंय.

मंगळवार, ४ मार्च

काल कामं वाटली. मुलांना कुंपण रंगवायला दिलं. लांबुडीला धुणंघर, आणि ती चक्क खूश झाली. मला भाषा येते म्हणून दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. पडून हाड मोडलेली, शस्त्रक्रिया झालेली म्हातारी माणसं तिथे पुन्हा चालायला शिकतात. चालायला लागली की घरी जातात. वरचा तिसरा मजला जे आता उठायचे नाहीत त्यांचा.

माझ्याकडे एक आजोबा सोपवलेत. धंद्याने न्हावी. सगळं आयुष्य उभ्याने काढलं, आणि पडले ते स्वतःच्याच दुकानात, सांडलेल्या साबणाच्या पाण्यावर. खुब्याचं हाड गेलं. मला बघून त्यांचं पहिलं वाक्य, "हे केस कुणी कापले? त्याचं तुझ्याशी भांडण होतं का?"

मी म्हटलं, मावसबहिणीने कापलेत, फुकट.

"दिसतंय," म्हणाले.

मी त्यांना आमच्या भाषेत आजोबा म्हणते. त्याचा अर्थ सांगितला तर बराच वेळ तो शब्द तोंडात घोळवत बसले. ते मला "पोरी" म्हणतात.

त्यांची हकीकत मोठ्या बाईंनी सांगितली. मोठ्या बाई म्हणजे या मजल्याच्या मुख्य परिचारिका. आजोबांची बायको गेली. एकुलती एक मुलगी, ती दुकान एकटी चालवते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला बूड टेकायला सवड नाही, मग घरी यांच्यापाशी कोण थांबणार? स्वतःचं स्वतः पलंगावरून उठून, काठी घेऊन, न्हाणीघरापर्यंत जाऊन परत येता आलं तर घरी पाठवतील. पंचवीस तारखेला डॉक्टर बघायला येणार आहेत. नाही जमलं तर तिसरा मजला, कारण इथल्या पलंगांसाठी लोक खोळंबलेत.

"वरून कुणी घरी गेलंय का कधी?" मी मोठ्या बाईंना विचारलं.

आजोबांनी ऐकलं असावं. "वर फार सुख आहे," ते म्हणाले. "कुणी परत यायचं नावच काढत नाही." आणि स्वतःच हसले.

मला नाही हसू आलं. हे आजोबा घरी जाणार, मी मनाशी ठरवून टाकलंय.

शुक्रवार, ७ मार्च

इथे एक व्यायामवाला आहे. हाडांच्या डॉक्टरच्या हाताखालचा, माणसांना चालायला शिकवणारा. तिशीतच टक्कल पडलंय. आजोबा त्याला म्हणतात, "तुझ्यासारखी गिऱ्हाइकं असती तर माझी मुलगी उपाशी राहिली असती." तो हसतही नाही.

त्याची पद्धत अशी. आजोबांना खुर्चीत बसवायचं, समोर चार पायांची काठी ठेवायची, आणि स्वतः चांगलं दोन हात लांब जाऊन हाताची घडी घालून उभं राहायचं. म्हणायचं, "नाक पुढे, मग बूड वर." बस्स. म्हातारा माणूस खुर्चीचे हात दाबतोय, अर्धा उठतोय, धपकन खाली बसतोय, कपाळावर घाम आलाय, आणि हा तसाच बघत उभा. पुन्हा म्हणतो, "नाक पुढे."

मला राहवेना. मी काखेत हात घालून आजोबांना उचललं. लग्गेच उभे राहिले.

व्यायामवाला मला म्हणाला, "हात सोड. सोडून उभी राहा."

"पडले तर?"

"कमरेला पट्टा बांधलाय. मी आहे."

असला कोरडा माणूस मी पाहिला नाही. दोन हात लांब उभं राहून "मी आहे" म्हणायचं.

आईचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने तोंडाने चुकचुक केली. म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला असं करतात का कुठे? आपल्याकडे तुझ्या आजोबांना मी पाण्याचा पेला तरी उचलू देते का?" खरंच नाही देत. त्यांनी हात पुढे करायच्या आत आईने पेला ओठाशी नेलेला असतो. सदऱ्याची बटणं बाबा लावतात. आमच्या घरात माया अशीच करतात, समोरच्याच्या हातातलं काम काढून घेऊन. पडून राहून आमचे आजोबा आता पलंगातच असतात, पण कसले निवांत असतात.

रविवार, ९ मार्च

व्यायामवाला दुपारी घरी जातो. मग मजला सुस्तावतो, परिचारिका चहा प्यायला बसतात. काल मी आजोबांना म्हटलं, चला, जरा पाय मोकळे करू. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, माझा हात त्यांच्या कमरेभोवती. काठी पलंगालाच टेकून राहिली.

सांगते काय, सगळी मार्गिका पार करून आम्ही टोकाच्या खिडकीपर्यंत गेलो. व्यायामवाल्यासमोर चार पावलं टाकताना ज्यांचा जीव जातो तेच हे आजोबा. खिडकीतून रस्ता दिसतो. पाव नेणारी गाडी, फाटकाशी टेकून गप्पा मारणारे दोन शिपाई, शाळेतून सुटलेली मुलं. आजोबांना माणसं दिसतच नाहीत, फक्त डोकी दिसतात. "हा स्वतःच आरशात बघून कापतो. त्या बाईचा न्हावी डावखुरा आहे. त्या मुलाची मान बघ, कुणी तरी घाई केलीय."

आजही गेलो. आज त्यांनी वाटेत एकदाही थांबायचं नाव काढलं नाही. माझा खांदा दुखतोय, पण असला दुखणारा खांदा रोज मिळो.

बुधवार, १२ मार्च

संध्याकाळी जेवणाआधी काका सगळ्यांना गोल बसवतात आणि प्रत्येकाने दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची असते. आज मी आजोबांचं खिडकीपर्यंत चालणं सांगितलं. कुंपणवाल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी डोळे पुसले, आणि उद्या फोटो काढायला येतो म्हणाले, संस्थेच्या पत्रिकेत द्यायला. मला मी हरभऱ्याच्या झाडावर चढतेय हे कळत होतं, पण वरून छान दिसतं.

लांबुडीने टाळ्या वाजवल्या नाहीत. खोलीत आल्यावर विचारलं, "काठी घेऊन किती चालतात गं?"

मी म्हटलं, काठीचं काय, आधी पायात बळ यायला हवं. बळ आलं की काठी काय, कशानेही चालतील.

ती चादरीच्या कडा ताणत बसली. तिचं धुणंघर तिने इतकं चकचकीत केलंय की तिथल्या बायकांना तिचा राग येतो म्हणे.

आज खिडकीशी उभे असताना आजोबा म्हणाले, "पोरी, तू असलीस की हे पाय माझं ऐकतात." मी हे इथे मुद्दाम लिहून ठेवतेय. असं मला आजवर कुणीही म्हटलेलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आज मोठा प्रसंग टळला.

व्यायामवाल्याच्या डोक्यात काय आलं देव जाणे. सकाळी त्याने आजोबांच्या शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, गळ्यात पंचा बांधला, आणि साबणाचा ब्रश आणि वस्तरा आजोबांच्या हातात दिला. म्हणाला, "यांची दाढी राहिलीय. तुम्हीच करा."

आजोबांचा चेहराच बदलला. पलंगाच्या कडेवर पुढे सरकले, नाक पुढे, बूड वर, आणि उठले. कुणीही हात न लावता. खुर्चीच्या मागे जाऊन त्यांनी त्या म्हाताऱ्याची हनुवटी उचलली आणि कामाला लागले. फेस लावला. एक गाल झाला. तोंडाने त्याला काहीबाही ऐकवत होते, "तुझी कातडी बघून वस्तरा घाबरला," असलं काही. व्यायामवाला दाराशी उभा, पुन्हा हाताची घडी. पट्टासुद्धा बांधला नव्हता.

मी पाणी घेऊन आले तर हे दृश्य. दोन्ही हात कामात, काठी नाही, कशाचा आधार नाही, आणि दुसऱ्या गालाकडे वळताना आजोबा चांगले झोकांडले. मी तांब्या टाकून धावले आणि मागून त्यांना घट्ट धरलं. त्यांनी लगेच सगळं अंग माझ्यावर सोडलं. बिचारे किती दमले असतील. मग त्यांना खुर्चीत बसवूनच घेतलं. दुसरा गाल परिचारिकेने केला.

व्यायामवाल्याने डोळे मिटून घेतले होते. त्यालाही धडकी भरली असणार. मी वेळेवर पोचले म्हणून, नाहीतर काय झालं असतं.

शनिवार, १५ मार्च

रडून रडून डोकं चढलंय.

दुपारी आम्ही खिडकीशी होतो आणि व्यायामवाला समोर. घरी गेलाच नव्हता. आजोबांना त्याने खुर्ची आणून बसवलं, मला बाजूला नेलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, "काल ते उभे होते. सव्वा महिन्यात पहिल्यांदा, स्वतःच्या पायावर. झोकांडले, ते सावरत होते. शरीर तसंच शिकतं. तू त्यांना सावरू दिलं नाहीस."

मी म्हटलं, "ते माझ्याबरोबर खिडकीपर्यंत चालतात. तुमच्याबरोबर दारापर्यंतही नाही."

"तुझ्याबरोबर तू चालतेस. ते तुझ्या अंगावर असतात." मग म्हणाला, "महिनाअखेर तू जाणार. हा हातही तुझ्याबरोबर जाणार. मग?"

मी काकांकडे गेले. वाटलं, ते माझी बाजू घेतील. काका म्हणाले, "बाळ, आपण पाहुणे आहोत, त्यांच्या कामात पडू नये." परवा डोळे पुसून फोटो काढणारे हेच. सगळेच शहाणे. त्या माणसाच्या जवळ बसून कुणी दोन शब्द तरी बोलतं का? मला म्हणे हात सोड.

सोमवार, १७ मार्च

काल आजोबांची मुलगी आली होती. आईच्या वयाची, म्हणून मी मावशी म्हटलं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, तरी ती खुर्चीत न बसता वडिलांच्या पलंगापाशी उकिडवी बसली. मोबाईलवर फोटो दाखवले. दुकानामागच्या खोलीतलं सामान हलवून तिथे यांचा पलंग टाकलाय, म्हणजे जिना नको. न्हाणीघरात धरायला नळीचा दांडा बसवून घेतलाय. मधलं दार काढूनच टाकलंय. पलंगावरून आजोबांना थेट दुकानातल्या खुर्च्या दिसतील.

"गिऱ्हाइकं तुमची चौकशी करतात," मावशी म्हणाली. "म्हणतात, तुझा हात जड आहे, बापाला आण."

"जडच आहे," आजोबा म्हणाले. पण तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते.

जाताना मावशीने माझे दोन्ही हात धरले. "तू आहेस म्हणून मला झोप लागते," म्हणाली.

त्यामुळे मी एक तोडगा काढलाय. कमरेला धरायचं नाही, खांदा द्यायचा नाही. त्यांच्या एका हातात काठी, आणि दुसऱ्या हाताच्या कोपराला माझं फक्त बोट. नुसतं टेकवलेलं. म्हणजे व्यायामवाल्याचंही राहिलं आणि माझंही. आज तसे न्हाणीघरापर्यंत जाऊन आले. बोटाने काय कुणाचं वजन पेलतं? म्हणजे ते स्वतःच चालले ना.

बुधवार, १९ मार्च

रोज न्हाणीघर. रोज बोट. मोठ्या बाई म्हणाल्या, छान चाललंय. व्यायामवाला काल म्हणाला, "आता बोट काढ." काढलं. आजोबा थांबले. मी पुन्हा टेकवलं, चालायला लागले. मी म्हटलं, अजून दिवस आहेत, हळूहळू काढू. त्यालाही शेवटी बाकीची माणसं बघायची असतात, गेला.

शनिवार, २२ मार्च

दोन दिवस तापाने पडले होते. लांबुडीने माझं सगळं केलं, चादर दिवसातून दोनदा बदलली, नको म्हटलं तरी. तिला मी उगाच नावं ठेवते.

आज वर गेले तर कळलं, आजोबा दोन दिवस चाललेच नाहीत. व्यायामवाल्याने उठवलं तर उठले, काठी धरली आणि उभेच राहिले. म्हणाले, "पोरगी येऊ दे." न्हाणीघराला चाकाच्या खुर्चीतून नेलं.

ऐकून मला आधी काय वाटलं ते खरं लिहिते. मला आनंद झाला. कुणी इतकी वाट पाहिली माझी. मग परिचारिका चाकाची खुर्ची पुसत होती ते दिसलं आणि आनंद तिथेच संपला.

दुपारी मी त्यांना उभं केलं आणि हात पाठीमागे घेतले. म्हटलं, आजोबा, या माझ्याकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोपर थोडं बाहेर काढलं आणि वाट बघत राहिले. मी म्हटलं, या ना. ते म्हणाले, "अगं मग ये ना इकडे." त्यांना वाटलं मी गंमत करतेय. पाय थरथरायला लागले तशी मी गेले आणि धरलं.

मनात एक विचार आलाय, तो लिहायचा धीर होत नाही.

सोमवार, २४ मार्च

काल आणि आज सकाळपासून दुपारपर्यंत एकच. बोट काढते, थांबतात. टेकवते, चालतात. मी रागावलेसुद्धा. म्हटलं, बोटात काय आहे, बोट काही धरत नाही तुम्हाला. आजोबा कानकोंडे झाले. म्हणाले, "माहीत आहे गं. पण ते नसलं की जमीन खाली जाते." त्या वयाच्या माणसाला मी रागावले.

व्यायामवाल्याला शोधून काढलं. तो व्यायामाच्या खोलीत होता, जिथे दोन दांडे धरून चालायला शिकवतात. मी म्हटलं, काय करू सांगा, तुम्ही म्हणाल ते करते.

त्याने मला रागवायला हवं होतं. तो म्हणाला, "उद्या समोर राहू नकोस. तू दिसलीस तर तुझ्याकडेच बघतील. नाही दिसलीस तर कदाचित पायाकडे बघतील."

हे आजोबांना सांगायला गेले तर त्यांनीच विचारलं, "उद्या असशील ना?" स्वतःच दाढी करून बसले होते, केस पाणी लावून मागे चापून बसवलेले. मावशीने उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट पाठवलाय.

मी म्हटलं, असेन.

मंगळवार, २५ मार्च

आज लिहायचं नाही.

बुधवार, २६ मार्च

लिहिल्याशिवाय छातीवरचं ओझं उतरायचं नाही, म्हणून लिहितेय. उतरेल असं वाटत नाही.

डॉक्टर, मोठ्या बाई आणि व्यायामवाला पलंगापाशी होते. मावशीने दुकानाला कुलूप लावून यायचं म्हणजे मोठी गोष्ट, ती आली होती. दाराशी पिशवी घेऊन उभी, आजोबांचे घरचे जोडे आणले होते. मी न्हाणीघराच्या दाराआड उभी होते. व्यायामवाल्याला दिलेला शब्द पाळायचा म्हणून आड, आणि आजोबांना दिलेला पाळायचा म्हणून दार थोडं किलकिलं. दोन्हीकडचं राखायला गेले, नेहमीसारखी.

आजोबा छान उठले. नाक पुढे, बूड वर. डॉक्टरने मान हलवली. काठी उजव्या हातात घेतली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग त्यांचं डावं कोपर अंगापासून थोडं सुटलं, आणि ते थांबले.

"चला आजोबा," व्यायामवाला म्हणाला. तोही त्यांना माझ्याच शब्दाने आजोबा म्हणतो हे मला तेव्हा कळलं.

ते हलले नाहीत. कोपर तसंच बाहेर. मान वळवून आधी डावीकडे बघितलं, मग मागे, मग सगळ्यांकडे एकेक करून. कुणीतरी येईल आणि बोट टेकवेल, मग निघू, इतक्या साध्या चेहऱ्याने ते उभे होते. मावशी म्हणाली, "बाबा, घरी जायचंय ना?" ते म्हणाले, "हो, हो. चल." आणि उभेच. डॉक्टरने पुष्कळ वेळ दिला, तो काही वाईट माणूस नाही. आजोबांच्या पोटऱ्या कापायला लागल्या. शर्ट पाठीला चिकटला.

मी दार ढकलून बाहेर आले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. कोपर आणखी पुढे केलं. मी गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे हात सोडून उभी राहिले. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना कळलं की मी येणार नाहीये. त्यांचा चेहरा पडला. अपमान झालेल्या माणसाचा होतो तसा. व्यायामवाल्याने मागून खुर्ची सरकवली आणि त्यांना अलगद बसवलं.

जो विचार मी शनिवारी लिहिला नाही तो हा. मी नसते आले तर ते चालले असते. त्यांनी एक गाल पुरा केला होता.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी त्यांना वर हलवलं. दुपारपर्यंत त्यांच्या पलंगावर पाय मोडलेल्या एक शिक्षिका आल्या होत्या.

मावशी सामान न्यायला आली. घरचे जोडे पिशवीतून बाहेर निघालेच नव्हते. मी तिला सांगणार होते. खरंच सांगणार होते, वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, "तू फार माया केलीस गं. माझ्या बाबांच्या नशिबातच नव्हतं, तू काय करणार?" मागची खोली आता कुणाला तरी भाड्याने देईन म्हणाली, रिकामी बघवायची नाही. मी तिच्या खांद्यावर रडले आणि तिनेच मला थोपटलं.

संध्याकाळी गोलात माझी पाळी आली. काका म्हणाले, "तू सांग, तुझ्याइतकं कुणी दिलं नसेल." मी उठून खोलीत आले. लांबुडी मागोमाग आली आणि माझी बॅग भरायला बसली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला आधीच वाटलं होतं. मी बोलायला हवं होतं."

शुक्रवार, २८ मार्च

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय.

सकाळी तिसऱ्या मजल्यावर गेले. आजोबा खिडकीपासून दूरच्या पलंगावर आहेत. केस विस्कटलेले होते. दोन दिवसांत कुणी कंगवा दिला नव्हता, आणि त्यांनी मागितला नव्हता. मी जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "आलीस." मंगळवारचा राग वगैरे काही नाही. मला वाटतं, राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "आजोबा, माझं चुकलं. माझ्यामुळे तुम्ही..." पुढचं त्यांच्या भाषेत मला येईना, आणि माझ्या भाषेतही आलं नसतं.

त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. म्हणाले, "तुझ्याबरोबर चाललो ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?" आणि मग, "एकट्याने चालण्यात मजा नव्हती, पोरी. मलाच नको होतं. तुझ्या लक्षात आलं नाही, त्याच्या आलं होतं." त्याच्या म्हणजे व्यायामवाल्याच्या.

हे माझं ओझं कमी करायला म्हणाले की खरंच, ते मला कधीच कळणार नाही.

त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला. मी धरू की नको, तशीच थांबले. वरच्या परिचारिका म्हणाल्या, "धर ना. इथे कशाला लाजतेस? धरून बस, त्यांना बरं वाटेल." तेवढ्यात व्यायामवाला आला. पडून राहणाऱ्यांचे सांधे आखडू नयेत म्हणून तो दिवसातून एकदा वर येऊन सगळ्यांचे पाय हलवतो. त्याने मला बघितलं, आमचे हात बघितले. कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली, माझ्यामागे ठेवली, आणि आजोबांचे पाय हलवायला लागला.

मी बसले. खाली बस येऊन थांबेपर्यंत त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत होता आणि मला कुणीही सोड म्हणालं नाही.